चौथ्या मशिनीतली गाठ

भैयाजींच्या आवारात एकच शतावर तीन वजनांची होती. खरेदीच्या खोलीत गुणवंतराव सांगत ते एक वजन, अंगणापलीकडच्या गोदामात बुधरी सांगे ते दुसरं, आणि माल रवाना करायच्या खोलीत सत्यशीला सांगे ते तिसरं. यात खोटं कोणीच बोलत नव्हतं, आणि खरी पंचाईत तीच होती. ओली मुळी आली तेव्हाचं वजन गुणवंतरावांकडे, वाळून निवडून झाल्यावरचं बुधरीकडे आणि पोत्यांत भरल्यावरचं सत्यशीलेकडे. तिघांच्या तीन संगणकांत तीन फ्लॉप्या आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. भैयाजी रोज सकाळी तिघांना समोर उभं करत आणि विचारत, "आता सांगा, माझी शतावर किती आहे?" मग जे सुरू व्हायचं ते चहा आल्याशिवाय थांबत नसे.

चंद्रपुरात मूल रोडला भैयाजींचा जंगलच्या मालाचा धंदा होता. धानोऱ्याकडून, आलापल्लीकडून हिरडा, बेहडा, चारोळी, शतावर यायची. इथे ती वाळवून, निवडून नागपूरच्या औषधी कारखान्यांना जायची. अशा धंद्यात १९८९ साली संगणक कशाला, असं कोणी विचारलं की भैयाजी मिशीत हसत. कोरपन्याकडे एका कारखान्याचं बांधकाम उरकून एक ठेकेदार गाशा गुंडाळून निघाला होता. त्याच्या कचेरीतल्या चार मशिनी भैयाजींनी ट्रॉलीत घालून आणल्या, कारण स्वस्तात मिळणारी वस्तू सोडून येणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आधी मशिनी आल्या आणि मग त्या चालवणाऱ्या माणसाचा शोध सुरू झाला.

ते माणूस म्हणजे सत्यशीला. बल्लारशाची, वडील सोमाजी कोळशाच्या खाणीत फिटर. तिने नागपूरला वर्षभराचा कोर्स केला होता, पण वर्गात पोरं ढीगभर आणि मशीन एक, त्यामुळे संगणक तिने हाताळला कमी आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिला जास्त. इथे चार मशिनी एकटीच्या हवाली झाल्या तेव्हा तिला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिने उगाच कपाळाला आठ्या घातल्या. भैयाजींना वाटलं, पोरगी फार गंभीर आहे.

तीन मशिनी कामाला लागल्या. चौथी सगळ्यांत अवजड. ती सत्यशीलेच्याच खोलीत कोपऱ्यात चादर पांघरून बसली होती आणि ती कशासाठी आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गुणवंतराव तिच्यावर जेवणाचा डबा ठेवत. वीस वर्षं भैयाजींकडे नोकरी झालेली, स्वतःच्या टेबलाच्या प्रत्येक खणाला कुलूप, आणि दुसऱ्याच्या टेबलावर मात्र बिनधास्त डबा, असा त्यांचा एकूण कारभार होता.

सत्यशीलेला ती चौथी मशीन स्वस्थ बसू देईना. मशिनींबरोबर आलेल्या ठेकेदाराच्या खोक्यांच्या तळाशी तिला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, काळ्या तारेचं भेंडोळं आणि मूठभर पितळी टोपणं सापडली. ती ते पुस्तक बल्लारशाच्या बसमध्ये वाचू लागली. अर्धं कळे, अर्धं डोक्यावरून जाई. डोक्यावरून गेलेल्या पानाचा कोपरा ती दुमडून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरुवात करी. महिन्याभरात पुस्तक दुमडलेल्या कोपऱ्यांनी फुगून गेलं, आणि एके सकाळी तिघांची जुंपलेली असतानाच ती मध्ये बोलली.

"भैयाजी, हे चौथी मशीन काम कराची नाई. हे सांभाळाची आहे."

"म्हनजे?"

"आपन तिघं आपापल्या जागी लिहू, पन ठेवू तिच्यात. तक्ता एकच. गुणवंतभाऊनं इकडं लिहिलं का बुधरीले तिकडं दिसते. फ्लॉपी घेऊन अंगण वलांडाचं कामच नाई."

"अन् नाई झालं त?"

"त इकून टाका," ती बोलून गेली.

भैयाजींना इकून टाकायची भाषा लगेच कळे. ते म्हणाले, "पाह्य. चैत सरता सरता नागपूरची पार्टी माल पाहाले येऊन राह्यली. कोनता माल किती, पहिल्या प्रतीचा किती, दुसऱ्या प्रतीचा किती, सारं एका कागदावर पायजे तिले. तो कागद तुह्या मशिनीतून निघाला त मशिनी राह्यल्या. नाई निघाला त चारी इकल्या समज. घाबरू नको, तुले काढत नाई मी. टाइपरायटर आहेच."

टाइपरायटरचं नाव ऐकताच सत्यशीलेच्या कानात तो वाजू लागला. खट खट खट, आणि दिवसभरात नवीन असं काहीच घडायचं नाही. त्यापेक्षा नोकरीवरून काढलेलं परवडलं, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

तार ओढायचं काम दोन दिवस चाललं. अंगणातून उघडी नेली तर ऊन खाईल आणि गोदामातून उघडी नेली तर उंदीर खातील, म्हणून ती पाण्याच्या जुन्या नळीतून घातली. जीप चालवणारा पत्रू शिडीवर चढला होता. त्याने शेवटच्या मशिनीपाशी येऊन तारेच्या टोकाकडे पाहिलं, मग सत्यशीलेच्या हातातल्या पितळी टोपणाकडे पाहिलं.

"बाई, याच्या म्होरं त तारच नाई. मग टोपन कशाले?"

"विहिरीत वाकून हाक मारली का काय होते?"

"आवाज वापस येते."

"तारीतही तसंच होते. वापस आला का दुसऱ्याच्या बोलन्यात मिसळते. टोपन लावलं का तिथीच जिरते."

पत्रूने टोपण हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, कानालाही लावून पाहिलं. हे सगळं आपल्याला खरंच समजलंय की पुस्तकातलं पाठ झालंय, असा प्रश्न सत्यशीलेला स्वतःलाच पडला. पण टोपण लावल्यावर चौथी मशीन घरघरली, आणि तिच्या पडद्यावर तिन्ही खोल्यांची नावं एकाखाली एक उमटली.

गोदामातल्या मशिनीवर बुधरी बसली होती. धानोऱ्याच्या आतल्या जंगलातल्या गावची ही पोरगी आश्रमशाळेत दहावी झालेली होती. मालाची प्रत हाताने चाचपून ठरवण्यात तिच्याइतकं तरबेज गोदामात कोणी नव्हतं. सत्यशीलेने तिला सांगून ठेवलं होतं, तुझं नाव टाक आणि ठेवून दे. तिने टाकलं, आणि उठून तशीच धावत अंगण ओलांडून आली. सत्यशीलेच्या पडद्यावर नाव आधीच झळकत होतं.

"मी तिकडून निघाली, त माझ्या आंधी माझं नाव पोचलं!" बुधरी धापा टाकत म्हणाली. मग तिला आणखी एक शंका आली. "बाई, पन मंग ते तिथी राह्यलं का इथी आलं?"

"तिथीही नाई, इथीही नाई. ते चौथीत आहे. आपन दोघी फक्त पाहून राह्यलो."

बुधरीने चौथ्या मशिनीवरचा गुणवंतरावांचा डबा उचलून खाली ठेवला. त्या दिवसापासून तिच्यावर डबा ठेवायची कोणाची हिंमत झाली नाही. उलट भैयाजींनी आवारातला एकुलता एक कूलर चौथीसाठी त्या खोलीत हलवला, आणि चंद्रपूरच्या उन्हाने जीव नकोसा झालेले सगळेच जण काही ना काही निमित्त काढून तिथे येऊन बसू लागले. मशीन तापू नये म्हणून, असं तोंडाने म्हणत.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं आणि मग एक दिवस बुधरीचं सकाळभराचं लिहिलेलं नाहीसं झालं. शतावरीचा पुरता ढीग तिने पहिल्या-दुसऱ्या प्रतीत लावून तक्त्यात भरला होता. दुपारी पाहते तो सगळे रकाने कोरे. सत्यशीलेने शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. गुणवंतरावांनी सकाळीच तो तक्ता उघडला होता, मग ते चहाला गेले, गप्पा मारून आले, एक आकडा भरला आणि ठेवून दिला. त्यांच्याकडचा तक्ता सकाळचा. चौथी मशीन बिचारी शेवटी ठेवणाऱ्याचं खरं मानायची. तिने बुधरीचा तक्ता काढून गुणवंतरावांचा ठेवला.

"मी काय मुद्दाम पुसलं?" गुणवंतराव कडाडले. "मले काय माहीत हे तिकडं लिहून राह्यली म्हून!"

बुधरी भांडली नाही. तिने आपली जुनी फ्लॉपी मशिनीत घातली आणि म्हणाली, "बाई, मले हेच बरी. माझं लिहिलेलं माझ्या हातात त राहीन."

सत्यशीलेला हे भांडणापेक्षा वाईट वाटलं. बुधरीचे रकाने नाहीत तर प्रत नाही, प्रत नाही तर पार्टीला दाखवायचा कागद नाही. एकत्र ठेवायची जागा तिने बांधून दिली होती, पण तिथे ठेवायला माणूस तयार नसेल तर त्या जागेचं करायचं काय?

ती गोदामात जाऊन निवडणाऱ्या बायांमध्ये बसली. बुधरीचे हात मुळ्यांवरून फिरत होते. सत्यशीला म्हणाली, "पुस्तकात कुलपाचं लिहिलं आहे. एकानं उघडलं का दुसऱ्याले बंद. पन आपल्या तक्त्यात ते कुलूप नाई. मलेच कराव लागन काहीतरी."

"कुलूप नको," बुधरी म्हणाली. "कुलूप गुणवंतभाऊले पायजे. आमच्याकडं जंगलात कोनाले मोहोळ दिसलं ना बाई, त तो झाडाले पातं बांधते. गाठ मारून. मग ते मोहोळ त्याचं. दुसरा येते, पातं पाह्यते, अन् म्होरं जाते."

"अन् कोनी ते पातं तोडलं त?"

"काऊन तोडन?"

"समज तोडलं."

"पन काऊन तोडन? कशाले?" बुधरीने हात थांबवून तिच्याकडे असं पाहिलं, की सत्यशीलेला आपण काहीतरी विचित्र विचारलंय असं वाटलं.

दोन दिवस डोकं चालवून तिने एक लहानसा प्रोग्राम लिहिला. तक्ता उघडण्याआधी मशिनीला 'बांध' म्हणायचं, काम झालं की 'सोड' म्हणायचं. अशी गाठ बांधली की चौथीत त्या माणसाच्या नावाची एक रिकामी फाईल तयार व्हायची, आणि ती आहे तोवर दुसऱ्या कोणाला तक्ता उघडताच यायचा नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत फक्त येई, 'गाठ', आणि पुढे नाव. वीज तर उठल्यासुटल्या जायची, म्हणून वीज गेली तरी गाठ सुटू नये याचीही तिने तजवीज केली. या तजविजीचा तिला जरा जास्तच अभिमान होता, आणि तोच पुढे तिच्या नाकी नऊ आणणार होता.

बुधरीने सगळं नीट पाहून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "तुमाले तोडता येते का हे?"

खोटं बोलावं असं सत्यशीलेच्या क्षणभर मनात आलं. "येते," ती म्हणाली. "एक ओळ टाकली का तुटली."

"मंग?"

"तोडनार नाई मी."

बुधरी विचारात पडली. "पातंही तसंच असते," ती शेवटी म्हणाली. "गवताचं त असते." तिने फ्लॉपी काढून खिशातल्या रुमालात गुंडाळली आणि आपले रकाने पुन्हा चौथीत भरायला बसली.

फक्त एक गोष्ट तिने आपल्या मनाने केली. गोदामातल्या हमालांना आणि बायांना पडद्यावरचं इंग्रजी कुठून वाचता येणार? म्हणून मशिनीत गाठ बांधली की ती मशिनीच्या चालू-बंदच्या बटणालाही शिंदीच्या झाडाचं एक पातं गाठ मारून बांधी. गुणवंतराव आधी पोट धरून हसले. मग चार दिवसांनी ते हळूच बुधरीकडून दोन पाती मागून घेऊन गेले. त्यांना उशिरा का होईना कळलं होतं, की गाठ मारून चहाला गेलं तर कितीही वेळ बसता येतं आणि मागे कोणी आपल्या तक्त्याला हात लावत नाही. वीस वर्षं कुलपं लावून जे सुख मिळालं नव्हतं ते त्यांना शिंदीच्या पात्यात मिळालं.

चैत सरत आला. पार्टी सोमवारी दुपारी येणार असा निरोप आला. बुधरीने शुक्रवारी शेवटचे रकाने भरले आणि ती गावी निघून गेली, कारण गावात मरका पंडुम होता. हा आंब्याचा सण. तो झाल्याशिवाय गावात कोणी नवा आंबा तोंडात घालत नाही. भैयाजींनी रजा देताना कुरकुर केली नाही, कारण सगळं तर मशिनीत होतं.

शनिवारी सकाळी कागद छापून ठेवावा म्हणून सत्यशीलेने तक्ता उघडायला घेतला. पडद्यावर आलं, गाठ, बुधरी.

तिने पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा तेच. गुणवंतरावांनी आपल्या खोलीतून करून पाहिलं, त्यांनाही तेच. मग भैयाजी आले, मागोमाग पत्रू आला, आणि कूलरसमोर सगळे जण एकाच नावाकडे बघत उभे राहिले.

"विसरली असन," पत्रू म्हणाला.

"नाई विसरत ते," सत्यशीला म्हणाली. बुधरी विसरत नाही, हे खरंच होतं. म्हणजे काहीतरी कारण असणार. एखाद्या मालाची प्रत पुन्हा पाहायची राहिली असेल. की तिच्या मनात काही आलं असेल? गावात फोन नव्हता, विचारणार कोणाला? आणि गोदामातला माल पुन्हा निवडून मोजायचा तर आठवडा हवा.

"नुसता पाहू ना तक्ता," भैयाजी म्हणाले. "हात लावाचा नाई, नुसता पाहाचा."

"पाहाले पन गाठ तोडाच लागते, भैयाजी."

"मग तोड!"

सत्यशीला मशिनीसमोर बसली. तिने ती एक ओळ टाकली. पूर्ण टाकली, आता फक्त एक बटण दाबायचं बाकी होतं. सोमवारी कागद निघेल, मशिनी राहतील, टाइपरायटर टळेल. आणि मंगळवारी बुधरी परत येईल, पाहील, आणि रुमालातून फ्लॉपी काढेल. ती फ्लॉपी तिच्या डोळ्यांसमोर इतकी स्वच्छ दिसली, की तिचं बोट हलेना.

"भैयाजी," ती म्हणाली, "आज तोडली त ते पुन्हा यात काईच ठेवनार नाई. मग हे मशीन असून नसून सारखीच. तुमी इकली काय अन् मी तोडली काय."

"अवो, मशीन माझी, माल माझा, फाईल माझी!" भैयाजींचा आवाज चढला. "अन् मलेच बंद? हे कोनता न्याय?"

यावर बोलले ते गुणवंतराव, आणि ते तिच्या बाजूने बोलतील असं त्या खोलीत कोणाला स्वप्नातही वाटलं नसतं. "भैयाजी, जरा ऐका. आज तिची तोडाल, उद्या माझी तोडाल. मग मी चहाले जाऊ का नको?"

पत्रूला हसू आवरेना. भैयाजी मात्र हसले नाहीत. ते कूलरच्या वाऱ्यात उभे राहून एकदा गुणवंतरावांकडे, एकदा पडद्याकडे पाहत राहिले. मग खिशातून जीपची किल्ली काढून त्यांनी पत्रूकडे फेकली. "सकाळी निंघा. जा, अन् तिलेच इचारून या. पन सोमवारी दुपारी कागद पायजे. नाई त मंगळवारी चारी मशिनी ट्रॉलीत."

रविवारी पहाट फुटताच जीप निघाली. मूल गाव मागे पडलं, वैनगंगेचा पूल मागे पडला, गडचिरोलीत चहा झाला, धानोऱ्यानंतर डांबर संपलं. सत्यशीला धुळीत तोंडाला ओढणी लावून बसली होती आणि आपण काय करतोय याचा विचार करत होती. एक रिकामी फाईल, जिच्यात एक अक्षरही नाही, ती पुसायची परवानगी मागायला अख्खा दिवस जंगलातून प्रवास. नागपूरच्या कोर्समधल्या सरांना हे कळलं असतं तर त्यांनी तिचं सर्टिफिकेट परत मागितलं असतं. तिला भीती वाटत होती, हसू येत होतं, आणि बुधरीने गाठ का ठेवली असेल हे जाणून घ्यायची उत्सुकता तर या दोन्हींवर मात करत होती.

गावाच्या तोंडाशी एक मोठा आंबा होता. झाडाखाली पाडाचे आंबे पडले होते, राखण कोणाचीच नव्हती. पत्रू जीपमधून उतरला आणि सवयीने खाली वाकला. त्याने एक आंबा उचलला, तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी बाई बाहेर आली. ती बुधरीची आई सोमारी.

"ठेव भाऊ," ती म्हणाली. "पूजा व्हायची आहे."

रागावून नाही, अगदी साधेपणाने. पत्रूने आंबा होता तिथेच ठेवला, आणि वर उगाच पँटला हात पुसले.

बुधरी कडेवर पाण्याची गुंडी घेऊन आली ती जीप पाहून थबकलीच. "बाई! तुमी इथी? काय झालं?"

"तुही गाठ राह्यली आहे तक्त्यावर. म्हनून आली इचाराले. काऊन ठेवली?"

"कोनती गाठ? मी त सोडली!"

"नाई सोडली. सारे पाहून राह्यले कालपासून."

"सोडली ना बाई! पातं सोडलं, नीट गुंडाळलं अन् खिडकीत ठेवलं. गोदामात पाह्यलं नाई का तुमी?"

सत्यशीलेने पत्रूकडे पाहिलं. गोदामात कोणीच गेलं नव्हतं. शनिवारचा अख्खा दिवस सगळे कूलरसमोर पडद्याकडे बघत बसले होते. अंगण ओलांडायचं काम पडू नये म्हणून तर तिने हे सगळं उभं केलं होतं, आणि ते इतकं छान जमलं होतं, की वीस पावलांवर सुटलेलं पातं पाहायला कोणी उठलं नाही. आणि तिची ती अभिमानाची तजवीज, वीज गेली तरी न सुटणारी गाठ, ती आपली मशिनीत इमानाने बसून होती. तिला हसू फुटलं आणि ते थांबेना.

बुधरी आधी गोंधळली, मग तिने कपाळावर हात मारला. "मशिनीतली राह्यली! हातातली सोडली, अन् मले वाटलं झालं." मग ती एकाएकी गंभीर झाली. तिने गुंडी खाली ठेवली. "पन बाई, तुमाले त येते. एका ओळीत तुटते म्हने. मग तुमी तोडली काऊन नाई?"

"काऊन तोडन?" सत्यशीला म्हणाली.

ती हे बोलली तेव्हा तिच्या लक्षातही आलं नाही की हे शब्द कोणाचे. बुधरीच्या मात्र आलं. तिचे डोळे भरून आले आणि ते दिसू नयेत म्हणून ती आईकडे वळून गोंडीत भराभर काहीतरी सांगू लागली. सोमारीने सगळं ऐकून घेतलं. मग ती सत्यशीलेजवळ आली, तिच्या धुळीने माखलेल्या गालावरून हात फिरवला आणि आत जाऊन दोघांसाठी पाणी घेऊन आली.

"सोडा बाई," बुधरी म्हणाली. "माझ्याकडून तुमी सोडा. मी मंगळवारी येतो."

सोमवारी सकाळी सत्यशीलेने आधी अंगण ओलांडलं. गोदामाच्या खिडकीत शिंदीचं पातं नीट गुंडाळून ठेवलेलं होतं. ते तिने हातात घेतलं, खोलीत येऊन मशिनीसमोर ठेवलं आणि मगच ती ओळ टाकून बटण दाबलं. तक्ता उघडला आणि कागद छापून निघाला. दुपारी पार्टी आली, तिने कागद वाचला, गोदामात जाऊन दोन ढिगांत हात घालून पाहिलं आणि कागद घडी करून खिशात टाकला. पार्टीच्या दृष्टीने एवढंच घडलं. सत्यशीला मात्र पार्टी फाटकाबाहेर जाईपर्यंत खुर्चीतून उठलीच नाही.

पार्टी गेल्यावर भैयाजींनी तिला विचारलं, "एका ओळीत तुटत होती म्हने ते?"

"हो."

"अन् तू माही जीप धानोऱ्याच्या म्होरं नेली."

"हो, भैयाजी."

भैयाजींनी जीपची किल्ली मागून घेतली. मशिनी विकायचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. बुधरी मंगळवारी आली ती पूजा झालेल्या आंब्यांची पिशवी घेऊन, आणि पहिला आंबा तिने पत्रूला दिला.

पुढे एका दुपारी, उन्हाने अंगण नुसतं भाजत असताना, भैयाजी कूलरच्या खोलीत आले. त्यांना हिरड्याचा साठा घाईने पाहायचा होता. पडद्यावर आलं, गाठ, गुणवंत.

"सत्यशीला," ते म्हणाले, "ते तुही एक ओळ..." आणि मध्येच थांबले.

ते उठले. डोक्यावर दुपट्टा टाकून त्यांनी ते तापलेलं अंगण ओलांडलं आणि खरेदीच्या खोलीत डोकावून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. मशिनीच्या बटणाला शिंदीचं पातं होतं, गाठ चांगली घट्ट मारलेली. भैयाजींनी ती वाकून नीट पाहिली, हात लावला नाही, आणि तसेच उन्हातून परत आले.

"चहा किती वेळ पेते हा मानूस," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून कूलरसमोर बसले आणि आपल्या नोकराची वाट पाहू लागले.